हवेतल्या वाटा (भाग ७) : १४६ दुणे २९२

८ मार्च २००९. ब्राझीलमधल्या प्रेझिदेंते प्रुदेंते शहरात कोरिंथियान्स आणि पाल्मेरास यांचा सामना संपत आला होता. भरपाईच्या मिनिटांत कोरिंथियान्सकडून खेळणाऱ्या ब्राझीलच्या रोनाल्डोने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. नव्या क्लबसाठी त्याचा हा पहिलाच गोल. स्टेडियममध्ये जे व्हायचे ते झालेच. पण पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, अमेरिकी नौदलाच्या फ्लीटसॅटकॉम-८ या उपग्रहावरही पोर्तुगीज भाषेत आरोळ्या आणि गाणी सुरू झाली. हा दंगा करणाऱ्यांचा नौदलाशी काडीचा संबंध नव्हता.

मागच्या भागात रेडिओ स्कॅनर कसा चालतो ते पाहिले. एकेक फ्रिक्वेन्सी चाचपत जायचे आणि आवाज लागला की थांबायचे, एवढेच त्याचे काम. या उपग्रहाच्या टापूत तो २४० ते २७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फिरवला, तर बरेचदा तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी एकसुरी चरचर लागते. ते सांकेतिक केलेले लष्करी बोलणे. आपल्याला त्यातले अक्षर कळत नाही, कळू नये अशीच सोय आहे. आणि मग पुढच्याच चॅनलवर एखादा माणूस खुल्या आवाजात मित्राची चौकशी करत असतो, मागे गाणे लागलेले असते, बोलणे संपले की ‘पीप’ वाजते. बिनपरवाना पाहुणा ओळखायला याहून वेगळे यंत्र लागत नाही. लष्करी माणूस कामापुरते बोलतो. हे लोक गप्पा मारायला आलेले असतात.

त्यांना आत घेतले कुणी? खरे तर कुणीच नाही, कारण दारावर कुणी नव्हतेच. १९७८पासून सोडलेल्या या उपग्रहांवरची बहुतेक चॅनल्स म्हणजे निव्वळ उचल-ठेव. खालून २९० ते ३२० मेगाहर्ट्झच्या दरम्यान जे येईल ते घ्यायचे, फ्रिक्वेन्सी बदलायची, जोर वाढवायचा आणि २४० ते २७० मध्ये परत खाली सोडायचे. कोण बोलतोय, हा प्रश्न उपग्रह विचारत नाही. मजकूर सांकेतिक करण्याची यंत्रे जमिनीवर आणि जहाजांवर. म्हणजे पेटीला भक्कम कुलूप, पण ओसरी सताड उघडी.

ओसरीवर चढायला फार काही लागतही नव्हते. हौशी रेडिओवाल्यांचे दोन मीटर पट्ट्याचे संच साधारण १४४ ते १४८ मेगाहर्ट्झवर चालतात. त्याला फ्रिक्वेन्सी दुप्पट करणारे छोटे सर्किट जोडले की काम झाले. १४६ दुणे २९२! बटण दाबून बोलायचे आणि शेजारच्या रिसीव्हरवर कान द्यायचा. पाव सेकंदाने आपलाच आवाज परत येतो, ७० हजार किलोमीटरची फेरी मारून. ब्राझीलमध्ये या उपग्रहाला लाडाने ‘बोलिन्या’ म्हणत, म्हणजे छोटा चेंडू.

या लोकांविषयी मला थोडी सहानुभूती आहे, हे कबूल करतो. अॅमेझॉनच्या जंगलातून ट्रक हाकणाऱ्याला शेकडो किलोमीटर फोन लागत नाही; डोक्यावर फुकटचा उपग्रह आहे म्हटल्यावर तो वापरणारच. पण त्याच वाटेने चोरून झाडे तोडणारे आणि अमली पदार्थांचे व्यापारीही आले. शिवाय एका चॅनलवर एका वेळी एकच संभाषण बसते. ट्रकवाल्याने बटण दाबून धरले, तर त्याच चॅनलवरचा जहाजाचा सांकेतिक संदेश चिरडला जातो. कुलूप शाबूत राहते, पण पेटी पोचतच नाही.

आराखडा करणारे भोळे होते, असे मात्र नाही. जहाजांच्या ताफ्याला एकतर्फी आदेश देणारे मुख्य चॅनल त्यांनी चांगले बंदोबस्तात ठेवले होते: चढती वाट फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि आलेल्या संदेशावर उपग्रहातच प्रक्रिया. त्यांच्या डोळ्यांसमोर सोव्हिएत जॅमर होता. ट्रकवाला त्यांच्या गणितातच नव्हता.

त्याला पकडणेही सोपे नाही. या उंचीवरून पृथ्वीचा तिसरा हिस्सा दिसतो. आवाज आला एवढे उपग्रहाला कळते, कुठल्या कोपऱ्यातून ते नाही. शेवटी जमिनीवर उतरूनच माग काढावा लागतो. गोलनंतर त्याच मार्च महिन्यात ब्राझीलच्या संघीय पोलिसांनी सहा राज्यांत ३९ संशयितांवर धाडी घातल्या. मोहिमेचे नावच ‘सॅटेलाइट’.

हे सगळे वाचून जुन्या वाचकांना आपले रेडिओचे लायसन्स आठवेल. ऐंशीच्या दशकापर्यंत घरात नुसता रेडिओ ठेवायलाही पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का घ्यावा लागे. आपल्याकडे ऐकणाऱ्यालाही परवाना लागत होता. त्या उपग्रहाने बोलणाऱ्यालाही कधी विचारला नाही.

२०१२ ते २०१६ दरम्यान अमेरिकी नौदलाने ‘म्यूऑस’ नावाचे पाच नवे उपग्रह सोडले. मोबाइल कंपनीचा टॉवर जसा आधी ग्राहक ओळखतो आणि मगच फोन जोडतो, तशी त्यांची नवी यंत्रणा. पण जहाजांवर, विमानांत जुने संच हजारोंनी वापरात होते, ते एका रात्रीत कोण बदलणार? म्हणून याच पाचही उपग्रहांवर जुन्या पद्धतीची, कुणालाही न विचारणारी चॅनल्सही बसवलेली आहेत.