वाट दाखवणारे अंक

नागपूरहून कोल्हापूरजवळच्या कळंब्याला पत्र पाठवायचे आहे. पाकिटावर आपण ४१६००७ हा पिनकोड लिहितो. नागपुरात टपालाचे सॉर्टिंग करणाऱ्याने कळंबा कधी पाहिलेले नसते. तरी पत्र योग्य थैलीत पडते. असे का?

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवीही. पहिला अंक विभाग सांगतो. देशाचे असे आठ विभाग आहेत आणि नववा सैन्यदलाच्या टपालासाठी. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवतात. ४१६ म्हणजे फक्त कोल्हापूर जिल्हा मात्र नव्हे. सांगलीचा पिनकोड ४१६४१६ आणि सावंतवाडीचा ४१६५१० आहे. हे अंक टपालाची वाट सांगतात, महसुली सीमा नव्हे. नागपुरात पहिले तीन अंक पाहिले की काम भागते. पुढचे अंक पुढच्या टप्प्यावर पाहता येतात.

संगणकांमधील निरोपांची वाटणीही याच तत्त्वावर चालते. शाळा, सरकारी कार्यालय, बँक या प्रत्येकाची संगणकप्रणाली वेगळी असते. एकीची माहिती दुसरीला देण्याचा जुना आणि आजही वापरात असलेला मार्ग म्हणजे ‘फ्लॅट फाइल’. हा निव्वळ साधा मजकूर असतो. एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि रकान्यांमध्ये स्वल्पविराम. समजा, कळंब्यातील एका शाळेने शिष्यवृत्तीच्या ४० नोंदी पाठवल्या. त्यांतील एक काल्पनिक ओळ पाहू :

१७,कखगघ००००१२३,००४५६७८,१२००

अनुक्रमांक, बँकशाखेचा कोड, खाते क्रमांक आणि रक्कम. आपल्याकडे बँकशाखेचा आयएफएससी कोड ११ चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह शून्य आणि उरलेली सहा शाखेची. वाटणी करणारा प्रोग्रॅम फाइलच्या ओळी सुट्या करतो आणि प्रत्येक ओळीतील दुसऱ्या रकान्याची पहिली चार अक्षरे तपासतो. ‘कखगघ असेल तर या बँकेकडे, चछजझ असेल तर त्या बँकेकडे.’ रक्कम किती, हे त्याला पाहावे लागत नाही. उद्या नवी बँक आली तर एक नियम वाढवायचा. शाळेला आपल्या पद्धतीत काहीच बदलावे लागत नाही.

नियम लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे क्रम. ‘४० ते ४४ ने सुरुवात असेल तर महाराष्ट्र’ हा नियम आधी ठेवला आणि ‘४०३ असेल तर गोवा’ हा नंतर, तर काय होईल? जुळणारा पहिला नियम लागू होत असेल, तर पणजीची सगळी पत्रे महाराष्ट्राच्या थैलीत जातील. म्हणून विशिष्ट नियम आधी आणि व्यापक नियम नंतर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोणी ‘कखगघ’ऐवजी ‘कखघग’ टंकले, तर ती ओळ कोणत्याच नियमात बसत नाही. उरलेल्यांसाठी नियम नसेल, तर ती गुपचूप गळून पडू शकते. ४० नोंदी आत जातात, ३९ बाहेर येतात. शाळेच्या दप्तरी ‘पाठवले’ असे लिहिलेले असते आणि एका मुलीच्या खात्यात पैसे येत नाहीत. टपाल खात्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले. ठिकाण न लागणारी पत्रे वेगळ्या कार्यालयात जातात, आणि तेथे ती उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता शोधता येतो. पूर्वी त्याला ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणत. संगणकवाल्यांनी हेच नाव उचलले : न जुळलेल्या निरोपांच्या रांगेला ते ‘डेड लेटर क्यू’ म्हणतात. अर्थात, ही रांग रोज तपासणारा माणूस हवा, आणि आत गेलेल्या व बाहेर आलेल्या नोंदींची बेरीजही जुळवायला हवी.

हे वर्गात करून पाहता येईल. मुलांना नातेवाइकांचे पिनकोड चिठ्ठ्यांवर लिहून आणायला सांगावे. पाच डबे मांडावेत : ४१६, ४०३, ‘४० ते ४४’, ‘४ ने सुरू होणारे’ आणि ‘उरलेले’. डब्यांवरील नियम याच क्रमाने लावून चिठ्ठ्या टाकाव्यात व मोजाव्यात. मग क्रम उलटा करून पुन्हा वाटणी करावी. सर्वात आधी ‘उरलेले’ ठेवला, तर बाकीच्या डब्यांत किती चिठ्ठ्या पडतील? आणि तो डबाच काढून टाकला, तर उरलेल्या चिठ्ठ्यांचे काय होईल? उत्तर आपण न सांगता मुलांना शोधू द्यावे.