गोरोबांचे थापटणे

मित्राचा दोष सांभाळून घेणे आणि स्वतःचा दोष कबूल करणे ही दोन निराळी कामे वाटतात. प्रत्यक्षात दुसरे जमल्याशिवाय पहिले जमत नाही. हे समजून घ्यायला धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. त्याच जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर वसले आहे. सातवाहन काळात ‘तगर’ या नावाने परदेशी व्यापाऱ्यांनाही ठाऊक असलेले हे गाव वारकऱ्यांना मात्र संत गोरा कुंभारांचे म्हणून माहीत आहे. गोरोबांचा काळ १२६७ ते १३१७ असा मानतात. संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सगळ्यांचे ‘काका’.

परंपरेतली कथा अशी. ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव वगैरे मंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. तिथे पडलेले लाकडी थापटणे पाहून मुक्ताबाईंनी विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के ते पाहण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग आमच्यातही कोण कच्चे आहे ते पाहा, असे त्या म्हणाल्या. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनी निकाल दिला: एवढे मडके कच्चे आहे.

उन्हाळ्यात गावोगावच्या बाजारात माठ घेणारे गिऱ्हाईक आजही बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहते. नीट भाजलेला माठ खणखणीत वाजतो. कच्च्या किंवा तडकलेल्या माठाचा आवाज बद्द येतो. पण कच्चेपणा आणि तडा यांत मोठा फरक आहे. न भाजलेले मडके पाण्यात टाकले तर त्याची पुन्हा माती होते. ती मळून नवे भांडे घडवता येते. भाजल्यावर तडा गेला तर खापरच उरते. गोरोबा ‘कच्चे’ म्हणाले, ‘फुटके’ म्हणाले नाहीत. माती वाईट आहे असा त्याचा अर्थ होत नव्हता, भाजणे तेवढे बाकी होते. मित्राच्या दोषाकडे या नजरेने पाहता आले तर निम्मे भांडण तिथेच संपते. थापटण्याचे मूळ कामही ध्यानात घेण्याजोगे आहे. कुंभार ओल्या मडक्यावर बाहेरून थापटणे मारतो तेव्हा आतून दगडी गोळ्याचा आधार देतो. तो आधार नसेल तर मडके आत दबते.

नामदेव रागाने पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलापुढे गाऱ्हाणे मांडले. पण देवानेही त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर, असे सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. औंढा नागनाथच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा देव नाही अशा जागी तूच माझे पाय ठेव, असे ते म्हणाले. जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड दिसू लागली. तेव्हा कुठे नामदेवांना आपले उणे उमगले. मित्राचे बोलणे खरे असू शकते हे पटायला असा वळसा बहुतेकांना घ्यावाच लागतो.

आणि निकाल देणारे गोरोबा? आख्यायिका सांगते की, भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले. पत्नीचा आक्रोश त्यांना ऐकावा लागला आणि पुढे त्यांनी स्वतःचेच हात तोडून घेतले. विठ्ठलकृपेने हात आणि मूल परत मिळाल्याचे कथा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. दुसऱ्याचे कच्चेपण सांगणारा हा माणूस स्वतःच्या घोर चुकीतून गेलेला होता, आणि तरीही संतांनी त्यांना ‘काका’ मानले. आपला दोष कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात थापटणे देऊ नये.

सगळ्या मैत्र्या अशा सावरत नाहीत. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेवरून आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कारभारावरून दोघांत फाटले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघेही पक्के, दोघेही हट्टी. १८९५ मध्ये आगरकर अवघ्या ३८ व्या वर्षी गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहून त्यांची थोरवी मान्य केली. पण तो लेख आगरकरांना वाचता येणार नव्हता.

नामदेवांना वेळ मिळाला आणि त्यांनी तो वापरला. पंजाबपर्यंत जाऊन त्यांनी भक्तीचा प्रसार केला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. कच्चे ठरल्याची ती कथा त्यांच्या मोठेपणाला बाधक म्हणून कोणी लपवली नाही. कीर्तनांत ती आजही सांगितली जाते. पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे परंपरा मानते. वारकरी मात्र तिच्यावर पाय न ठेवता माथा टेकून आत जातात.