कळ दाबण्याआधी कळ सोसा!

आधीच सांगून टाकतो. दहावीपर्यंत माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी निबंध म्हटला की घाम फुटायचा. आमच्या संपादक मित्राने मेसमध्ये गाठलं आणि म्हणाला, "मराठी विभागाची दोन पानं रिकामी आहेत, लिही बे काहीतरी." म्हणून हा प्रपंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

विषय आहे कीबोर्ड. हसू नका! हॉस्टेलमध्ये मला 'खटखट्या' म्हणतात, ते रात्री दोन वाजता माझ्या रूममधून येणाऱ्या आवाजामुळे. आणि आठ जण मला 'पैसे बुडव्या' म्हणतात. तेही खोटं नाही. आज दोन्ही नावांचा खुलासा करायचा आहे.

खटखट येते कुठून?

आपल्या कॉम्प्युटर लॅबमधला कीबोर्ड उघडून बघा. (लॅब असिस्टंट सरांना विचारून!) सगळ्या कळांच्या खाली एकच रबराची चादर असते. तिच्यावर छोटे घुमट असतात. कळ दाबली की घुमट चेपतो आणि खालच्या दोन प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांवरचे पट्टे एकमेकांना टेकतात. स्वस्त काम. पण रबर थकतं, आणि मग कळ अर्धवट अडकून बसते.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच असतो. त्यात एक खोकं, एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. चेरी नावाच्या कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आले, आणि आज बहुतेक कंपन्या त्याच मापाचे स्विच बनवतात. त्यांचे प्रकार रंगावरून ओळखतात. लाल सरळ खाली जातो. तपकिरी मधे बोटाला हलकासा अडथळा दाखवतो. निळा अडथळाही दाखवतो आणि वर 'टक्' असा आवाजही करतो. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे कळ तळापर्यंत आपटायची गरजच नाही. हे मला कळेपर्यंत माझी बोटं दुखत होती.

ही गंमत आपल्याकडे नवी नाही. माझी आत्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या मशीनवर मराठी टायपिंग शिकली. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर आणला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबलं. माझा निळ्या स्विचचा कीबोर्ड तिने वाजवून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर आमच्या मशीनचा नातू!" टीव्हीएस गोल्ड नावाचा कीबोर्ड तुम्ही बँकेत नाहीतर मेडिकल दुकानात ऐकला असेल. त्याच्या जुन्या मॉडेलमध्ये चेरीचे हेच निळे स्विच असायचे. म्हणजे शौकीन मंडळींच्या कितीतरी आधी आपले कॅशियर मेकॅनिकल कीबोर्ड वापरत होते!

चौसष्ट कळा, सोळा तारा

आता थोडं इंजिनिअरिंग. ६४ कळा असतील तर प्रत्येकीला वेगळी तार लावणार का? मायक्रोकंट्रोलरला तेवढे पाय कुठून आणायचे? म्हणून कळा ८ आडव्या आणि ८ उभ्या ओळींत जोडतात. ६४ ऐवजी १६ तारांत काम भागतं. कंट्रोलर एकेका आडव्या ओळीला सिग्नल देतो आणि उभ्या ओळींवर तो कुठे पोचला ते बघतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं.

यात एक खोच आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर सिग्नल आडवाटेने फिरून येतो आणि चौथी कळसुद्धा दाबल्यासारखी दिसते. हिला भुताची कळ म्हणतात. उपाय म्हणजे प्रत्येक कळीबरोबर एक डायोड, आपला नेहमीचा १एन४१४८. तो सिग्नलला उलटं जाऊ देत नाही, आणि भूत पळतं.

दुसरी खोच धातूच्या पट्ट्यांची. त्या टेकताना थरथरतात. एकदा दाबलेली कळ कंट्रोलरला चार-पाचदा दाबल्यासारखी वाटते. म्हणून प्रोग्राममध्ये काही मिलिसेकंद थांबून परत बघायचं. तोंडी परीक्षेत 'डिबाउन्सिंग' विचारलं की आपण गप्प होतो, ते हेच!

आधी पैसे, मग वस्तू

कस्टम कीबोर्ड म्हणजे सर्किट बोर्ड, पत्रा, स्विच, टोप्या हे सगळं आपल्या पसंतीने निवडून स्वतः जोडलेला कीबोर्ड. आतला प्रोग्रामही बदलता येतो. क्यूएमके नावाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला आहे.

पण असा माल दुकानात पडून नसतो. टोप्यांचा साचा महाग, आणि कारखाना पाच-दहा नग करून देत नाही. म्हणून शौकीन लोक एकत्र येतात. कुणीतरी डिझाइन दाखवतो, किती जणांना हवं ते विचारतो, सगळ्यांकडून आधी पैसे घेतो, मग ऑर्डर देतो. माल हातात यायला कित्येक महिने लागतात. क्राउडफंडिंग म्हणजे याचंच मोठं रूप.

दुसऱ्या वर्षाला असताना मी हेच केलं. एका विक्रेत्याची अशी योजना होती. माझ्यासह नऊ जण, प्रत्येकी २,५०० रुपये. पैसे सगळ्यांनी मला दिले, मी पुढे पाठवले. तीन महिने म्हटले होते. सहाव्या महिन्यात 'पुढच्या आठवड्यात' असा निरोप आला. आठव्या महिन्यात फोन लागेनासा झाला. माल नाही, पैसे नाहीत.

आठ मित्रांचे २०,००० रुपये! घरी सांगायची हिंमत झाली नाही. मी नववीच्या दोन पोरांची गणिताची शिकवणी धरली. आजवर पाच जणांचे पैसे फेडलेत, तिघांचे बाकी आहेत. त्या तिघांत माझा लॅब पार्टनर आहे. तो इथलाच, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर नगरातला. त्याची आई विड्या वळते. पहिल्यांदा मी त्यालाच द्यायला गेलो, तर म्हणाला, "माझे शेवटी दे."

एका रविवारी त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पावती घेतलास काय?"

मी गप्प. विक्रेत्याकडून पावती घेतली नव्हती, आणि मित्रांना दिलीही नव्हती.

काकूंची पावती

काकू असं विचारतात त्याला कारण आहे. त्या ज्या घरात राहतात ते आधी पैसे भरूनच मिळालेलं आहे. विडी कामगारांनी सहकारी संस्था केली, सरकारी अनुदानाबरोबर स्वतःचा वाटा घातला आणि कुंभारीच्या माळावर १०,००० घरं उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. पुढे शेजारीच ३०,००० घरांचं रे नगर आलं. त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं, तेव्हाची गर्दी आपल्यापैकी काहींना आठवत असेल. काकू म्हणाल्या, "वर्षानुवर्षं वाट बघितली. पण पैसे भरल्याची पावती ट्रंकेत होती आणि विचारायला माणूस होता."

याच्याही आधी आपल्याकडे पैसा फंड झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असं!

आता परदेशातली दोन उदाहरणं. झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२ चा इंग्लंडमधला घरगुती कॉम्प्युटर. त्याच्या चाहत्यांनी 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' हा नवा अवतार बनवायला २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे गोळा केले. ३,११३ जणांनी मिळून ७ लाख पौंडांहून जास्त दिले. यंत्र जानेवारी २०१८ मध्ये मिळायचं होतं, प्रत्यक्षात पेटीसकट मिळायला २०२० उजाडलं. आणि उशिराचं एक कारण काय माहितेय? कीबोर्ड! पण यंत्र आलं, आणि २०२० मध्ये दुसऱ्या फेरीला लोकांनी आणखी जास्त पैसे दिले.

त्याच स्पेक्ट्रमच्या नावाने २०१६ मध्ये 'व्हेगा प्लस' या हातात धरायच्या यंत्रासाठी ५ लाखांहून जास्त पौंड जमले. बहुतेकांना ते कधी मिळालंच नाही, आणि २०१९ मध्ये कंपनी गुंडाळली गेली.

कॉम्प्युटर तोच, लोकही त्याच आवडीचे. उशीर दोन्हीकडे झाला. म्हणून उशीर म्हणजे फसवणूक असं मी आता म्हणत नाही. पैसे कुठे गेले, काम कुठे अडलं, हे देणाऱ्याला कळतं का, एवढंच बघतो. आणि आधी दिलेले पैसे ही खरेदी नसते. तो विश्वास असतो, आणि विश्वासालाही पावती लागते.

आता नवीन उद्योग

मी आणि पार्टनर हॉस्टेलसाठी एक छोटा जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर बनवतोय. प्रोसेसर झेड८०, जन्म १९७६. झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या शेवटच्या ऑर्डरी मागवल्या. आम्हाला शिल्लक मालातले दोन मिळाले. लॅबमधल्या ८०८५ किटवरचे आपले प्रोग्राम यावर जवळजवळ जसेच्या तसे चालतात. आरआयएम आणि एसआयएम या दोन सूचना मात्र चालत नाहीत. ६४ कळांचा कीबोर्ड ८२५५ मधून वाचायचा, आणि समोर दोन ओळींचा एलसीडी. लॅपटॉपमध्ये सगळं झाकलेलं असतं. इथे कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतची प्रत्येक तार बोटाने दाखवता येईल. ज्युनिअर पोरांना ते बघायला मिळावं, एवढीच इच्छा.

खर्च ४,८०० रुपये. २४ जण हवेत, प्रत्येकी २०० रुपये. नियम असे:

१. प्रत्येकाला पावती.
२. पैसे रेक्टर सरांकडे, वही पार्टनरकडे. माझ्या हातात एक रुपयाही नाही.
३. दर महिन्याच्या १ तारखेला हिशेब मेसच्या नोटीस बोर्डावर. काम अडलं असेल तर तेही तिथेच लिहू.
४. महिन्याभरात २४ जण झाले नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत.
५. जुन्या तिघांची बाकी मी शिकवणीतूनच फेडणार. या पैशांना हात लावणार नाही.

एक नंबरची पावती माझ्या नावावर फाडली. दोन नंबरची पार्टनरने घेतली. मी म्हटलं, "अरे, तुझेच अडीच हजार माझ्याकडे आहेत की!" तर म्हणाला, "ते खातं वेगळं बे." आणि पावती घडी करून खिशात ठेवली.

बावीस पावत्या शिल्लक आहेत. आणि हो, शेजारच्या रूमवाल्यांसाठी खास सूचना : या वेळी लाल स्विच घेतलेत. आवाज कमी येईल. झोपा निवांत!