खाऱ्या हवेतला बेंजो

पालघरच्या किनारपट्टीवर हळद असो, गणपतीची मिरवणूक असो की नारळी पौर्णिमा, ढोलताशाच्या गजरावरून तारेचा जो धारदार सूर लांबवर पोचतो तो इलेक्ट्रिक बेंजोचा. मुरबे, खाडीपलीकडचं सातपाटी, बोईसर-तारापूरच्या कामगार वसाहती, सगळीकडे तो ओळखीचा आहे. आपल्या संगीतलेखनात पेटीला, ऑर्गनला, सारंगीला मानाचं पान मिळालं. बेंजोला फार थोडी जागा मिळाली. २०१६ साली रवी जाधव यांच्या ‘बॅंजो’ या हिंदी चित्रपटातून मुंबईच्या वस्तीतले बेंजोवाले पडद्यावर आले. मला मात्र इथे वाद्याच्या पोटाबद्दल लिहायचं आहे. घरच्या घरी उघडून नीट करता येईल असं विजेचं सूरवाद्य आज दुर्मीळ आहे, आणि बेंजो तसा आहे.

त्याचा मूळपुरुष जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन ‘ताइशोगोतो’ तयार केलं: लांबट पेटीवर ताणलेल्या तारा, वर बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर टेकते, उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची. हे वाद्य पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब गायकीत शिरलं, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झालं, आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून आलं. ढोलापुढे त्याचा नाजूक आवाज टिकेना, म्हणून तारांखाली पिकप बसला.

पिकप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज उपजते आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करतो. अमेरिकेत हॅरल्ड ऱ्होड्स यांचा इलेक्ट्रिक पियानो याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की ऱ्होड्समध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र पिकप असतो, बेंजोत सगळ्या तारांना मिळून बहुधा एकच. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मा बिघाड उघडण्याआधीच सापडतो. ऱ्होड्सचा एकच सूर गेला तर त्याच्या पिकपवरही संशय घ्यावा लागतो. बेंजोचा एकच सूर गेला तर विजेचा काही दोष नाही; कळ, स्प्रिंग किंवा पडदा तपासायचा. सगळे सूर एकदम गेले तरच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं.

सगळ्यात फसवा बिघाड अडकलेल्या कळेचा. एखादी कळ खाली जाऊन वर आलीच नाही, तर तिच्यापेक्षा खालच्या स्वरांची कुठलीही कळ दाबा, सूर तोच येतो. वरचे स्वर मात्र बिनचूक वाजतात. वाजवणारा घाबरतो, अर्धं वाद्य मेलं म्हणतो. खरं तर तार त्या एका जागी आधीच टेकलेली असते. जिथून वरचे स्वर नीट लागायला लागतात, तिथलीच कळ दोषी.

कळा अडकतात त्या मिठामुळे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन विरघळतं, आणि किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस त्याहून ओली असते. मुरब्याच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ कळांच्या खाचांत बसतं, त्यावर मिरवणुकीतला गुलाल चिकटतो. अशा वेळी घरात हाताशी असलेलं खोबरेल मुळीच घालू नये. ते घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं. मऊ कोरड्या ब्रशने खाच झाडावी, गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा, आणि स्पिरिटचा बोळा फिरवून पूर्ण वाळू द्यावं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते तीही बहुतेक वेळा याच घाणीची. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत बरेचदा फिरवलं की साधारण ती जाते.

तार तुटल्यावर मिळेल ती तार चढवणं महागात पडतं. पितळेची तार कानाला गोड लागते, पण चुंबकाला ती दिसतच नाही. स्पीकरमधून ती मुकी राहते. गाभा पोलादी असलाच पाहिजे. आणि सगळ्या तारा एकदम काढू नयेत. घोडी बऱ्याच वाद्यांत चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर असते. ती सरकली की खुंट्या कितीही पिळा, वरच्या सप्तकाकडे जाताना बेंजो बेसूर होत जातो. आधी पेन्सिलने घोडीची जागा आखून घ्यावी. तरीही सरकलीच, तर तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून छेडावं आणि मग त्याच जागेची कळ दाबून तो स्वर ताडून पाहावा. कळेचा स्वर चढा असेल तर घोडी मागे न्यायची, उतरला असेल तर पुढे. ही तपासणी कानाने होते आणि आपल्या वाजवणाऱ्यांचे कान तयार असतात.

घूं असा सततचा आवाज येत असेल तर तारांना हात लावून पाहावा. हात लावल्यावर तो कमी झाला तर तारांची अर्थची जोडणी शाबूत आहे. जॅकच्या धातूला हात लावल्यावरच कमी झाला तर घोडीकडे किंवा तारांच्या टोकाकडे जाणारी ती वायर तुटली आहे. मात्र ही परीक्षा घरच्या चांगल्या अर्थिंगवरच करावी. मंडपात जनरेटरवर, अर्थिंगशिवाय, ओल्या पायांनी पोलादी तारांना हात लावणं जिवावर बेतू शकतं. अॅम्प्लिफायर उघडायचा तर जाणकाराकडेच द्यावा. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

पिकपच मेला असेल तर मल्टिमीटरवर ओमचा आकडाच येत नाही. तो पुन्हा गुंडाळून घेता येतो, पण किती वेढे, किती जाडीची तार, हे कळायला मूळचा आकडा लागतो. म्हणून वाद्य धडधाकट असतानाच तो मोजावा, तारांची जाडी आणि स्वरजुळणी टिपावी, आणि हे सगळं झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावं. पुढच्या पिढीतला कुणी ते झाकण उघडेल, तेव्हा त्याला अंदाजाने सुरुवात करावी लागू नये.