शिकवणी कुत्र्याची, परीक्षा धन्याची!
कुत्र्याची शिकवणी म्हटली, की मंडळी हसतात. पण आमच्या मोत्याच्या वर्गात खरी परीक्षा असते ती धन्यांची! एका पिलाला आजोबा 'बस' म्हणत, सूनबाई 'खाली' आणि नातू 'सिट'. बिचाऱ्याने ऐकावे कुणाचे? शब्द एकच हवा, आणि खाऊ बसताक्षणीच. उठल्यावर दिला, तर ते उठण्याचेच बक्षीस! स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांच्या १९६५ च्या ग्रंथानुसार पिलू माणसाळण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातला. थोरांनाही शिकता येते, वेळ मात्र लागतो. शेजारचा चार वर्षांचा वाघ्या दूधवाल्याच्या अंगावर धावून जाई; त्याला गावाबाहेर सोडायचेच ठरले होते. दोन महिन्यांच्या शिकवणीनंतर तो दाराशी मुकाट बसतो. दूधवाला मात्र पिशवी अजून लांबूनच ठेवतो.