एफच्या पुढचा कंस

‘एफ ऑफ एक्स’ हे मुलं पाठ म्हणतात आणि उदाहरण सोडवताना एफ(एक्स) म्हणजे एफ गुणिले एक्स असं धरून चालतात. कंसाआधी अक्षर दिसलं की गुणायचं, ही सवय त्यांना आपणच लावलेली असते. त्यामुळे या चुकीत मुलांचा दोष कमी आणि फलनाची ओळख उरकण्याच्या घाईचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. एफ हे इथे एका नियमाचं नाव आहे आणि कंसात आहे ती त्या नियमाच्या हवाली केलेली संख्या. सेल्सिअसचं फॅरनहाइट करण्याचा नियम घ्या: १.८ ने गुणा, ३२ मिळवा. मग एफ(२०) म्हणजे ३६ अधिक ३२, अर्थात ६८. एफ ही संख्या असती तर २० चे ४० होताच उत्तरही दुप्पट, १३६ झालं असतं. प्रत्यक्षात एफ(४०) येतं १०४. खरी कसोटी लागते ती एफ(एक्स + ५) काढताना. एफ(एक्स) काढून त्यात ५ मिळवले की झालं, असं वाटतं. पण कंसातलं सगळं नियमातून जायला हवं; ५ लाही १.८ ने गुणलं जातं आणि उत्तर ९ ने वाढतं. तापमापीही तेच सांगते: सेल्सिअसचे ५ अंश म्हणजे फॅरनहाइटचे ९.

यावर कुणी म्हणेल, ‘वाय = १.८ एक्स + ३२’ एवढ्यावर भागत नाही का? एकच किंमत काढायची असेल तर भागतं. पण ‘वाय = ६८’ वाचून हे ६८ कशाचे ते कळत नाही; ‘एफ(२०) = ६८’ या ओळीत प्रश्न आणि उत्तर शेजारी-शेजारी राहतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकाच कंसाला दोन कामं का द्यावीत? हा गोंधळ खराच आहे. पण गणितज्ञ ऑयलरने १७३४ मध्ये वापरलेली ही मांडणी आता जगभर रुजली आहे, तेव्हा बदल शिकवण्यात करावा लागेल. शिक्षकांनी आधी फळ्यावर रिकामे कंस काढावेत, एफ( ) = १.८( ) + ३२, आणि दोन्हीकडे एकच संख्या भरायला सांगावी. उणे ४० भरून पाहा: उणे ७२ अधिक ३२, म्हणजे पुन्हा उणे ४०. या एकाच तापमानाला दोन्ही मापांचा आकडा सारखा असतो.