श्राव्य मराठीचे अध्यापन : जोगेश्वरीच्या संदर्भात काही विचार

ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि निवेदन ह्या कला तरुणांना शिकविणारे वर्ग अलीकडे महाविद्यालयांतून आणि वस्त्यांमधून पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमांवर नजर टाकली तर बहुतेक तासिका यंत्राकडे वळविलेल्या आढळतात. ध्वनिक्षेपक तोंडापासून किती अंतरावर धरावा, पंख्याचा आवाज कसा टाळावा, मुद्रित ध्वनीची कापणी-जोडणी कशी करावी, ह्या गोष्टी अगत्याच्या आहेत हे खरेच. पण यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात येऊन बसल्यामुळे त्यांचे शिक्षण आठवडा-दोन आठवड्यांत उरकते. त्यानंतर जो प्रश्न शिल्लक राहतो तो भाषेचा. ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिलेल्या मुलाने अथवा मुलीने कोणत्या मराठीत बोलावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? बहुतेक वर्गांत ह्याचे उत्तर ‘शुद्ध मराठीत’ असे एका शब्दात दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे, आणि काही ठिकाणी अन्यायाचेही आहे.

ह्या विवेचनासाठी जोगेश्वरीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. ध्वनि-चित्र माध्यमांशी ह्या उपनगराचा संबंध जुना आहे. सर महंमद यूसुफ यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्माईल यूसुफ महाविद्यालय येथे १९३० साली सुरू झाले. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत गेले आणि पुढे काही काळ ते ह्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. आकाशवाणीवर आणि नंतर दिल्ली दूरदर्शनच्या आरंभकाळात निर्माता म्हणून काम केलेला हा लेखक मराठी श्राव्य गद्याचा मोठा जाणकार होता. त्याच्या एकपात्री प्रयोगांचे यश कोट्यांइतकेच वाक्याच्या लयीवर अवलंबून होते. कमाल अमरोही यांचा कमालिस्तान स्टुडिओ जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याच्या परिसरातलाच, आणि गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून शेजारी. मात्र चित्रसृष्टीचे शेजारपण म्हणजे तिच्या भाषेत वाटा नव्हे. जवळच्या वस्त्यांतील तरुणांना तेथे काम मिळते ते बहुधा दिवे हलविण्याचे व केबल ओढण्याचे. बोलण्याचे काम दुसरे कोणी करतात.

भाषिक दृष्टीने जोगेश्वरी एकजिनसी नाही. कोकणातून आलेल्या कुटुंबांची मालवणी वळणाची मराठी, घाटावरून आलेल्यांच्या बोली, उर्दू, गुजराती, उत्तर भारतीयांच्या बोली, आणि ह्या सर्वांमधला दुवा म्हणून मुंबईची बाजारी हिंदी, असा हा संसार आहे. तिच्यातील रूपांच्या सुलभीकरणाचा अभ्यास महादेव आपटे यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला होता. सांगलीजवळच्या कुपवाड गावी मराठी, कन्नड आणि उर्दू ह्या भाषा शेजारी राहून व्याकरणाच्या रचनेत एकमेकींच्या किती जवळ आल्या, हे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले. जोगेश्वरीला कुपवाडाएवढा शतकांचा सहवास लाभलेला नाही, तथापि प्रक्रियेची जात तीच आहे. येथील मराठी मुलगी ‘मी गेले’ ऐवजी ‘मी गेली’ म्हणते, ‘मी त्याला म्हणाले’ ऐवजी ‘मी त्याला बोलली’ म्हणते, आणि ‘मला मदत कर’ ह्या जागी ‘माझी मदत कर’ असे सहज येऊन जाते. ही रूपे आळसातून किंवा अज्ञानातून आलेली नसून दोन भाषा एकाच तोंडात नांदविण्यातून घडलेली आहेत.

अशा घरची मुले निवेदन लिहू लागली की एक चमत्कारिक गोष्ट घडते. तोंडी बोलताना जी मुले नेमकी आणि चटपटीत असतात, तीच कागद हाती घेताच शासकीय परिपत्रकाची भाषा लिहू लागतात. नमुन्यादाखल असे एक वाक्य घ्यावे : ‘पाणीपुरवठा विभागामार्फत करण्यात येत असलेल्या जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामामुळे जोगेश्वरी पूर्व येथील काही भागांतील पाणीपुरवठा उद्या खंडित करण्यात येणार आहे.’ व्याकरणदृष्ट्या ह्यात दोष नाही. वाचणाऱ्याचा डोळा मागे फिरून पुन्हा वाचू शकतो, त्यामुळे छापील पानावर ते निभावूनही जाते. कानाला मागे फिरता येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि धातुसाधितांची विशेषणे नामाच्या आधी रचली जातात. म्हणून ऐकणाऱ्याला ‘विभागामार्फत’ पासून ‘खंडित’ पर्यंतचा सगळा ऐवज मनात धरून वाट पाहावी लागते. तोवर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झालेली असते. तीच मुलगी शेजारणीला हीच गोष्ट सांगताना म्हणेल : ‘उद्या पाणी नाही, आपल्याकडे. पाइपचं काम आहे. आजच भरून ठेवा.’ येथे मुख्य गोष्ट आधी आली, ‘आपल्याकडे’ हा शब्द क्रियापदानंतर आला, कारण मग आले, आणि शेवटी काय करायचे तेही आले. क्रियापदानंतर शब्द ठेवण्याची ही रीत लेखनात शिथिल मानली जाते. बोलण्यात मात्र ती ऐकणाऱ्याची सोय असते. त्याचप्रमाणे ‘ज्या इमारतींना टाकी नाही, त्यांनी…’ ही जो-तो ची जुनी रचना कानाला सोपी, कारण ती माहितीचे दोन घास करते. लेखी गद्यात धातुसाधितांनी तिला बरेच मागे सारले आहे. श्राव्य लेखनात तिचे पुनर्वसन करावयास हवे.

आणखी एक मुद्दा बारीक वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार ‘केलं, दिलं, सांगितलं’ ही अनुस्वारयुक्त रूपे एखाद्याचे बोलणे दाखवितानाच लिहावयाची असतात. अन्यत्र ‘केले, दिले, सांगितले’. मुले हा नियम शाळेत शिकलेली असल्यामुळे ध्वनिक्षेपकासमोरही ‘केले’ असा स्पष्ट एकार उच्चारतात, आणि ऐकणाऱ्यास दवंडी पिटल्यासारखे वाटते. पण प्रश्न केवळ कृत्रिमपणाचा नाही. लेखनातील ‘दिले’ हे रूप नपुंसकलिंगी एकवचनी असू शकते आणि पुल्लिंगी अनेकवचनीही. बोलण्यात ही दोन वेगळी राहतात : ‘त्यांनी दिलं’ म्हटले तर उत्तर, पुस्तक वा आश्वासन, ‘त्यांनी दिले’ म्हटले तर पैसे. म्हणजे ज्या भाषेला ढिसाळ समजून बाजूस ठेवले जाते ती ह्या ठिकाणी प्रमाण लेखनापेक्षा अधिक नेमकी आहे. श्राव्य संहिता ही दुसऱ्याने बोलावयाचे बोलणेच होय. तेव्हा तीत अनुस्वार लिहिणे हे नियमाच्या आशयाला धरूनच आहे.

उच्चारांच्या बाबतीत शिक्षकाची खरी कसोटी लागते. ‘ण’ च्या जागी ‘न’ उच्चारणाऱ्या मुलाची वर्गात थट्टा होते. ‘आनि-पानी’ हा शब्द तर महाराष्ट्रात भाषेपेक्षा जातीची आणि वर्गाची खूण म्हणूनच वापरला गेला आहे. येथे भाषाशास्त्र थोडी मदत करू शकते. दोन ध्वनींतील भेदावर भाषेतील किती शब्दांचे वेगळेपण अवलंबून आहे, हे मोजता येते. ‘न’ आणि ‘ण’ यांच्यावर भिस्त असलेल्या जोड्या ‘मन’ आणि ‘मण’ यांसारख्या तुरळक आहेत, आणि संदर्भाने त्यांचा उलगडा होतो. ‘ल’ आणि ‘ळ’ यांचे तसे नाही : काल-काळ, मूल-मूळ, गाल-गाळ, माल-माळ अशा जोड्या भराभर निघतात, आणि ‘नाल्यातला गाळ’ बिघडला तर वाक्यच हास्यास्पद होते. ‘च’ आणि ‘ज’ यांच्या दंततालव्य उच्चारांचे स्थान मधले आहे. हिंदी किंवा उर्दू घरची मुले ते सर्वत्र तालव्य करतात; ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे हा भेद त्यांच्या तोंडी पुसला जातो, पण गैरसमज क्वचितच होतो. ह्यावरून अध्यापनाचा क्रम ठरविता येतो. जो उच्चार अर्थ बुडवितो त्याचा सराव अवश्य करून घ्यावा. जो केवळ घर सांगतो त्याला हात लावण्यापूर्वी शिक्षकाने थांबावे. ‘न’ साठी जो मुलगा दहा वेळा अडविला गेला तो अकराव्या वेळी ध्वनिक्षेपकासमोर येत नाही. आणि त्याच्या गल्लीत काय चालले आहे हे सांगणारा दुसरा कोणी वर्गात असतोच असे नाही.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की नोकरीसाठी ह्याच मुलांना प्रमाण उच्चार लागणार आहे. आक्षेप रास्त आहे, आणि भाबडेपणाने तो उडवून लावू नये. विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या निवेदकाने १९४१ साली बी. बी. सी. वर आपल्या वळणाने बातम्या वाचल्या, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या होत्या. प्रमाणाची मागणी श्रोतेही करतात. पण प्रमाण उच्चार हा घरच्या उच्चाराच्या जागी बसवावयाचा नसून त्याच्या जोडीला शिकवावयाचा आहे. ॲलन बेल यांनी न्यूझीलंडमध्ये केलेले निरीक्षण येथे उद्बोधक आहे. एकाच इमारतीतून दोन केंद्रांवर बातम्या वाचणारे तेच निवेदक, श्रोतृवर्ग बदलताच, दोन स्वरांमधील ‘ट’ चा उच्चार बदलीत असत. बेल यांनी १९८४ साली मांडलेला सिद्धान्त असा की वक्ता आपली शैली मुख्यतः श्रोत्याकडे पाहून घडवितो. तेव्हा विद्यार्थ्याला ‘शुद्ध बोल’ असे सांगण्यापेक्षा ‘कोणाशी बोलतो आहेस’ असे विचारणे अधिक फलदायी होय. तीच पाण्याची सूचना एकदा वस्तीसाठी आणि एकदा सबंध शहरासाठी मुद्रित करून घेतली की दोन्ही शैली एकाच मुलाच्या ताब्यात येऊ लागतात.

श्रोत्याला केंद्रस्थानी ठेवण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळे उभारली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस मराठी कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात स्पष्ट वाढ दिसून आली, आणि १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. तथापि त्या प्रयोगात शेतकरी प्रश्न विचारीत होता. ध्वनिक्षेपक पुण्यातच होता. तो हलविण्यास कायद्याची अनुकूलता पुष्कळ उशिरा आली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग, मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील १०७.८ मेगाहर्ट्‌झवरील केंद्र ही ह्याच धोरणाची अपत्ये. शंभर वॉट शक्तीचे प्रक्षेपण पाच ते दहा किलोमीटर पोचावे अशी अपेक्षा असते. कालिन्याहून जोगेश्वरी सरळ रेषेत सुमारे सात किलोमीटर आहे. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, असे २००६ च्या धोरणातच म्हटले आहे. म्हणजे बोलीला परवानगी मागण्याचे कारण उरलेले नाही. ती अपेक्षितच आहे. मात्र त्याच धोरणाने बातम्या व चालू घडामोडी वर्ज्य केल्या होत्या. ही बंदी पुढे काहीशी सैल झाली खरी, पण लहानशा केंद्रांच्या अंगी जी भिडस्त भाषा मुरली तिचे एक कारण तेथे आहे.

ह्या भाषेची किंमत जोगेश्वरीसारख्या ठिकाणी अधिक पडते. जानेवारी १९९३ मध्ये राधाबाई चाळीत जे घडले त्यानंतर जोगेश्वरी पूर्व हे नाव वृत्तपत्रांत एका घटनेचे विशेषण होऊन बसले. १९९८ साली प्रसिद्ध झालेला श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फारच थोड्यांनी वाचला. विशेषण मात्र सर्वांना पाठ झाले. त्या घटनेनंतर जन्मलेली मुलेही आपला पत्ता सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘पुकार’ ह्या मुंबईच्या संस्थेने २००५ पासून तरुणांचे गट करून त्यांना स्वतःच्या परिसराचे संशोधन करावयास लावले, त्यामागील भूमिका हीच होती : ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांनी स्वतः विचारावे आणि मांडावे.

पण मांडताना हाती येणारी तयार वाक्ये कोणती? ‘दंगल उसळली’, ‘वातावरण तापले’, ‘आग लागली’. मराठीने अकर्मक आणि सकर्मक धातूंच्या जोड्या मोठ्या सोयीच्या करून ठेवल्या आहेत : लागणे-लावणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे. ‘झोपड्या तुटल्या’ म्हटले की त्या वाऱ्याने तुटल्या की माणसांनी पाडल्या हे सांगण्याची जबाबदारी टळते. अकर्मक क्रियापद सर्वत्र चूक असते असे नाही. आग खरोखर लागतेही. परंतु विद्यार्थ्याने दर वेळी निवड जाणून करावी, एवढे शिकविता येते आणि शिकविलेच पाहिजे. कर्ता ठाऊक असेल आणि पडताळलेला असेल तर ‘लावली’. ठाऊक नसेल तर ‘लागली’ असे म्हणून मोकळे न होता ‘कोणी लावली ते अद्याप समजलेले नाही’. हे तिसरे वाक्य लांब आहे, ध्वनिक्षेपकासमोर अवघड आहे, आणि संपादनात ते सर्वांत आधी कापले जाते.

ह्यासाठी एक साधा सराव पुरतो. एकाच घटनेची संहिता दोन वस्त्यांतील दोन मुलांनी वेगवेगळी लिहावी, आणि मग संहितांची अदलाबदल करून प्रत्येकाने दुसऱ्याची वाचावी. जेथे वाचणारा अडखळतो तेथे बहुधा उच्चाराची अडचण नसते. क्रियापदाचीच असते.